तेरा पॉइंट आठ व्होल्ट

पुंजाजी इंगोले म्हणजे आमच्या मंगरूळपीरचे तारमास्तर. तार बंद होऊन दहा वर्षं कधीच उलटली, मास्तर त्याच्याही आधी रिटायर झाले, पण गावाने त्यांचं नाव काही बदललं नाही. मी अश्वजित. बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. चालवतो म्हणजे सकाळी उघडतो आणि संध्याकाळी बंद करतो. याच जागेत आधी माझा क्लास होता. चाळीस मशिनी होत्या, बाहेर चपलांचा ढीग असायचा, आणि एसी नसला तरी आहे असं वाटावं इतके पंखे होते. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि माझा क्लास बसला. मशिनी मागच्या खोलीत एकावर एक रचल्या. भंगारवाल्याला द्यायला जीव होत नव्हता, आणि दुसरं कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

मास्तर तेवढे बघायचे. महिन्या-दोन महिन्यांनी येऊन म्हणायचे, "अश्वजित, एखांदा मेलेला सप्लाय दे ना गा." कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या अंगाला पंखा बसवलेली एक पेटी असते, तिच्यातून रंगीबेरंगी वायरींचा जुडगा बाहेर येतो. ती घरातली वीज घेते आणि कॉम्प्युटरला लागते तेवढी बारीक करून देते. तोच सप्लाय. मास्तर तो फोडून त्यातल्या गोल कड्या, तांब्याची तार, असलं काहीबाही काढून घ्यायचे. त्यांना ते रेडिओला लागायचं. मास्तर हॅम होते. हॅम म्हणजे काय हे मी गावाला दहा वेळा सांगितलं असेल, पण गावाला ते कळून घ्यायचंच नाही. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन घ्यायचं, घरावर लांब तार ताणायची आणि तसंच लायसन असलेल्या देशभरातल्या माणसांशी घरबसल्या रेडिओवर बोलायचं. लोक ती तार बघून विचारायचे, "मास्तर, केबल फुकट पाहता काय?" मास्तर हसून "हो" म्हणायचे. मला राग यायचा, त्यांना येत नसे.

मास्तरांना दुसरा एकच शौक होता, खर्‍याचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. चाळीस वर्षं धरला. दोन वर्षांपूर्वी नागपूरला ऑपरेशन झालं, त्यात जीभ जवळजवळ सगळी गेली. घरी आले तेव्हा गळा शिवलेला, गाल आत गेलेला, आणि बोलायला लागले की तोंडातून जे निघायचं त्यात एकही अक्षर ओळखू यायचं नाही. प्रयागबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, थोडंफार समजायचं. बाकीच्यांचा निव्वळ तमाशा चालायचा. कोणी मास्तरांशी ओरडून बोलायचं, जणू माणूस बहिरा झालाय. कोणी त्यांनी तोंड उघडलं की पुढचं आपणच म्हणून टाकायचं, "पानी पाहिजे का? बसता का? बायकोले बोलावू का?" मास्तरांच्या हनुवटीवरून लाळ उतरायची आणि समोरचा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचा. काही दिवसांनी मास्तरांनी बाहेर तोंड उघडणंच सोडलं. शर्टाच्या खिशात छोटी पाटी आणि पेन्सिल ठेवायला लागले. पाटीवर लिहायचे ते मात्र तारेतल्यासारखं मोजकं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे निरोप कमी शब्दांत बसवले, आता स्वतःचे बसवायला लागले.

पण सकाळी सात वाजता मास्तर बोलायचे.

मी एकदा त्यांच्या घरी वायफाय दुरुस्त करायला सकाळी गेलो होतो, तेव्हा पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर जुना जपानी सेट. त्याच्यासमोर पितळेची छोटी कळ, जिच्यावर बोट दाबलं की हवेत आवाज जातो. कट्ट, कट्‌कट्ट. तारेची जुनी भाषा. मास्तरांनी ऐन तारुण्यात तारऑफिसात शिकलेली. तिला जीभ लागत नाही, दोन बोटं पुरतात. बेळगावचे रविकांत, हैदराबादचे एक रेल्वेतले साहेब, जबलपूरचा एक डॉक्टर, असे तिघे-चौघे रोज सातला जमायचे. आधी तोंडाने बोलायचे. मास्तरांची जीभ गेल्यावर सगळ्यांनी तोंडाने बोलणं सोडलं आणि सगळेच बोटांवर आले. कोणी ठरवलं नाही, कोणी सांगितलं नाही. मास्तर कळ दाबता दाबता हसत होते. खांदे हलत होते. हनुवटी ओली होती आणि त्यांनी ती पुसली नाही.

मला अक्कल कमी आणि तोंड जास्त. मी म्हणालो, "मास्तर, व्हॉट्सॲप हाये ना तुमच्याकडं. त्याच्यावर लिहा ना. कायले एवढा कुटाणा?"

त्यांनी पाटी काढली. लिहिलं: "तिथं लिहितो. इथं बोलतो." मग पुसून खाली दुसरी ओळ लिहिली: "इथं कोणी मधात बोलत नाही."

ते खरं होतं. मी ऐकलं तेवढ्या वेळात मास्तरांची कळ वाजत असताना दुसरी एकही वाजली नाही. ते थांबून विचार करत, तेव्हाही बेळगाव गप्प, हैदराबाद गप्प.

यंदा चैत्रात मास्तरांचा जुना सप्लाय जळाला. मोठा, जड, हातभर ट्रान्सफॉर्मर असलेला, त्यांनी स्वतः वीस वर्षांपूर्वी बनवलेला. त्याच आठवड्यात अकोल्याच्या डॉक्टरने त्यांची मान चाचपली. मास्तर माझ्या दुकानात येऊन बाकावर बसले आणि पाटी पुढे केली: "सप्लाय मेला. तुझ्या मशिनीतले चालतील. १३.८ पाहिजे." घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर त्यांनी सेट लावून पाहिला होता, पण ती जुनी. ऐकायला पुरायची, कळ दाबून चार अक्षरं पाठवली की तिचा दम जायचा.

त्यांना सोडायला मी घरापर्यंत गेलो. मास्तर आत गेल्यावर प्रयागबाईंनी मला फाटकाशी धरलं.

"गाठ आली मानंत. डाक्टर म्हनते आता कापता येत नाई. काई महिने म्हनते."

"मास्तरायले माहीत हाये?"

"यायनंच त रिपोर्ट वाचला आधी. मले नंतर सांगतलं. तू काई इचारू नको यायले. त्या डब्याचं तेवढं पाय बाप्पा. सातचा टाइम झाला का नुसते खुर्चीत जाऊन बसतात. बोलता येत नाई, त बी बसतात."

मी पाहतो म्हणालो. मनात म्हटलं, एवढं तर मला येतंच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चाळीस मशिनींना काही काम मिळालं होतं.

मागच्या खोलीतून मी एकेक सप्लाय काढून हातात तोलून पाहिला. सप्लाय असा तोलूनच पारखायचा. हलका लागला की समजायचं आत माल नाही, नुसता पत्रा आहे. तीन जड निघाले. त्यांतला एक घेतला. कॉम्प्युटरचा सप्लाय बारा व्होल्ट देतो आणि रेडिओला तेरा पॉइंट आठ लागतात. पावणेदोन-दोन व्होल्टचाच फरक, पण तो वाढवायला गेलं की सप्लायच्या आतलं प्रोटेक्शन जागं होतं. त्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि ते सगळं बंद करून बसतं. म्हणून आतलं प्रोटेक्शन आधी काढावं लागतं. मग एका छोट्या स्क्रूने व्होल्टेज हवं तिथे आणता येतं.

मास्तरांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळी आकृती काढून दिली होती. आतलं प्रोटेक्शन काढ, असं एका ठिकाणी. आणि बाहेर, रेडिओकडे वायर जाते तिथे, दुसरं बसव. व्होल्टेज पंधराच्या वर गेलं की हा भाग स्वतः शॉर्ट होईल, फ्यूज उडेल आणि सेट वाचेल. त्याच्याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "हे आधी."

मी आधी बसवलं. खोटं सांगत नाही, आधीच बसवलं. दोन दिवसांत पेटी तयार झाली. मीटर लावला, तेरा पॉइंट आठ. मास्तरांनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात धरून जोरात हलवला. मला कोणी कधी असा हात दिलेला नाही. क्लासमधून नोकरीला लागलेल्या पोरांनीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही सेटला पेटी जोडली. स्पीकरमधून बेळगावची कट्‌कट्ट आली. मास्तरांनी लगेच पाटीवर लिहिलं, "रविकांत. विचारतो, आहेस काय." दहा दिवस मास्तर हवेत नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बाही सारली, कळ दाबली. टुक. फ्यूज उडाला.

मी नवा बसवला. कळ दाबली, टुक. माझ्या लक्षात आलं काय होतंय ते. रेडिओच्या लाटा वायरीतून उलट्या आत शिरत होत्या आणि त्या बाहेरच्या प्रोटेक्शनला फसवत होत्या. त्याला वाटायचं व्होल्टेज चढलं. उपाय होता, अवघड नव्हता. वायरीवर लाटा अडवणारी एक गोल कडी आणि एक बारीकसा कपॅसिटर, अर्ध्या तासाचं काम. पण कडी दुकानात, दुकान बसस्टँडला, आणि बेळगाव आत्ता विचारत होतं. पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मास्तरांचं बोट कळीवर होतं आणि डोळे माझ्यावर. माझ्याकडे शेवटचा फ्यूज उरला होता.

इथे मला आमच्या भागाबद्दल एक सांगावं लागेल. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक डबी असते. तीन फेजांतली एक गेली की ती मोटार बंद करते, म्हणजे मोटार जळत नाही. चांगली वस्तू आहे. पण आमच्याकडे लाईन अशी येते-जाते की ती डबी नियमाने वागली तर पाणी कधीच शेतात जायचं नाही. म्हणून नवा स्टार्टर आणला की माणूस आधी तिला वायर मारून बायपास करतो. मानोऱ्यापासून रिठदपर्यंत कुठेही जा, डबी लोंबकळत असते आणि वायर वरून गेलेली असते. फ्यूजच्या जागी पिळलेली जाड तार असते. माझे वडील हेच काम करायचे, लोक त्यांना बोलावून न्यायचे, आणि मी त्यांच्या मागे पान्ह्यांची पिशवी धरून हिंडत हे काम शिकलो. त्यामुळे काही अडलं की माझा हात पहिल्यांदा कुठे जातो हे मला विचार करून ठरवावं लागत नाही.

मी कटर घेतला आणि बाहेरच्या प्रोटेक्शनची एक तंगडी कापली. फ्यूज बसवला.

मास्तरांनी ते पाहिलं नाही. त्यांचे कान स्पीकरला लागले होते. त्यांनी कळ दाबली आणि ती वाजली. वाजतच राहिली. मध्ये एकदा पाटीवर घाईने लिहिलं, "काय होतं?" मी म्हणालो, "लूज होतं मास्तर, बसवलं." मनात होतं की आज बोलून घेऊ दे, संध्याकाळी कडी घेऊन येतो आणि तंगडी परत जोडतो.

त्या दिवशी मास्तर पाऊण तास बोलले. प्रयागबाईंनी चहा आणून ठेवला तो गार झाला, दुसरा आणला तोही झाला. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पाय कसे बोलून राह्यले." मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, त्यांनाही नाही. आम्ही दोघं तिथे उभे राहून ऐकत होतो आणि मी स्वतःवर भलताच खूष होतो.

ती संध्याकाळ आली नाही. म्हणजे संध्याकाळी आल्या, रोज आल्या. पण कधी कोणाचा फॉर्म भरायचा होता, कधी कोणाच्या जातीच्या दाखल्याची साइट बंद पडली होती, कधी नुसताच कंटाळा आला होता. चालतंय ना, मग उद्या करू. असे तेवीस दिवस गेले. मी नंतर मोजले, म्हणून सांगतो.

वैशाखातली गोष्ट. सकाळीच भट्टी पेटल्यासारखं ऊन. साडेसातला प्रयागबाईंचा फोन आला. "अश्वजित, लवकर ये बाप्पा. डब्ब्यातून जयल्याचा वास येऊन राह्यला."

मी गेलो तोवर मास्तरांनी बटण बंद केलं होतं. खोलीत तो वास होता, जो या धंद्यातल्या कोणालाही पुन्हा ओळखून सांगावा लागत नाही. मी सेट बाजूला काढून पेटीला मीटर लावला आणि एक क्षण चालू केली. चोवीस. मी लावलेल्या त्या छोट्या स्क्रूने उन्हात जागा सोडली होती. आता पेटीला कोणी आवरणारं नव्हतं, तिने मनाला येईल तेवढं दिलं होतं. बाहेरचं प्रोटेक्शन तिथेच होतं, एक तंगडी हवेत. ते जोडलेलं असतं तर फ्यूज उडाला असता आणि मास्तरांनी मला शिव्या देत दुसरा बसवला असता. एवढंच झालं असतं.

सेट उघडला. शेवटचे दोन ट्रान्झिस्टर, ज्यांच्यामुळे आवाज हवेत जातो, ते गेले होते. ऐकायचा भाग वाचला होता.

मास्तरांनी पाटी पुढे केली: "कशानं?"

मी म्हणालो, "लाईनीत चढलं असन मास्तर. न्यूट्रल गेला असन कुठं."

न्यूट्रल तुटला की घरात व्होल्टेज चढतं; आमच्याकडे हे कोणीही कोणालाही सांगतं आणि कोणीही ते मानतं. लाईन काही येऊन नाही म्हणत नाही. मास्तरांनी मान हलवली. मग माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मी जावं आणि विहिरीत उडी टाकावी, असं मला तेव्हा वाटलं.

मग मी जे जे करायचं ते सगळं केलं. नागपूरला दोन चकरा मारल्या. दुकानदार नंबर वाचून हसला, म्हणाला हे बनायचे बंद होऊन जमाना झाला. इंटरनेटवरून मागवले, ते आले, वर नंबर बरोबर छापलेला. लावले आणि कळ दाबताच फटकन गेले. पुन्हा दुसरीकडून मागवले. तेही तसलेच, कोणत्या तरी फालतू मालावर नंबर छापून विकलेले. हैदराबादच्या साहेबांनी कळवलं, एक जुना सेट आहे, पण तो दुसऱ्याकडे आहे, दसऱ्यापर्यंत नक्की सोडवून पाठवतो. दसरा. मास्तरांना आता पातळ पेजही जात नव्हती. मी मास्तरांच्याच वहीतून एक छोटा ट्रान्समीटर बनवला, दोन वॅटचा. त्याचा आवाज घरातून निघायचा, पण समोर पोचायचा नाही. त्या लोकांच्या शहरात विजेची इतकी खरखर की दोन वॅट त्यांना ऐकूच येईनात. मास्तरांनी तीन सकाळी प्रयत्न केला आणि चौथ्या दिवशी तो उचलून कपाटात ठेवला.

मीच बेळगावला व्हॉट्सॲपवर कळवलं की सेट जळाला, मास्तर ऐकू शकतात, बोलू शकत नाहीत. रविकांतांचा बोललेला निरोप आला. म्हातारा, खणखणीत आवाज. "त्यांना म्हणावं, रोजच्यासारखं सातला बसा. आम्ही आहोत."

तेव्हापासून मास्तर जुन्या बॅटरीवर सेट लावून सातला बसायचे. मीही जायला लागलो. का जात होतो ते मला माहीत आहे आणि वाचणाऱ्यालाही कळलं असेल. स्पीकरमधून कट्‌कट्ट यायची. मास्तर माझ्यासाठी पाटीवर एखादा शब्द लिहायचे: "विचारतो, ऊन किती." आणि मग स्पीकर गप्प व्हायचा. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी तीन. मास्तरांना उत्तर द्यायला जितका वेळ लागला असता, तितका वेळ सगळी माणसं आपापल्या गावांत गप्प बसून राहायची. त्या वेळात मास्तरांचं बोट टेबलाच्या लाकडावर वाजायचं. ते उत्तर देत होते. ऊन किती आहे, काय खाल्लं, काय दुखतंय, सगळं सांगत होते. लाकूड ते कुठेही पोचवत नव्हतं. मास्तर थांबायचे, त्यानंतर थोड्या वेळाने रविकांत पुढचं सुरू करायचे, जणू सगळं नीट ऐकलं.

पहिल्या दिवशी मी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. अशा नऊ सकाळी मी त्यांच्या शेजारी बसलो. दहाव्या दिवशी स्पीकर थांबला, मास्तरांचं बोट लाकडावर सुरू झालं, आणि माझ्याच्याने राहवेना.

"मास्तर," मी म्हणालो, "लाईनीत काई चढलं नवतं."

बोट चालूच होतं.

"मी कापलं होतं थे. तुमी सांगतलेलं प्रोटेक्शन. पहिल्याच दिवशी. फ्यूज उडून राह्यले होते आन रविकांत इचारून राह्यले होते, त म्या कटरनं तंगडी कापली. संध्याकाळी जोडतो म्हनलं. नाई जोडली. तेवीस दिवस नाई जोडली मास्तर. सेट म्या जाळला."

बोट थांबलं. मला त्याच क्षणी कळलं की मी मधात बोललो होतो. सगळ्या दुनियेत जी एक जागा होती, तिथे.

स्पीकरमध्ये रविकांत पुन्हा सुरू झाले, काहीतरी लांबलचक. मास्तरांनी हात पुढे करून आवाज कमी केला. इतक्या दिवसांत मी त्यांना त्या वेळेत आवाज कमी करताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. प्रयागबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं.

मास्तरांनी तोंड उघडलं.

ते माझ्याशी बोलायला लागले. पाटी नाही, तोंडाने. चार-पाच वाक्यं असतील. आवाज वर जात होता, खाली येत होता, एका ठिकाणी थांबला, पुन्हा सुरू झाला. त्यात सुरुवात होती आणि शेवट होता, एवढं कळत होतं. हनुवटीवरून धार लागली. ते रागावले होते की समजावत होते, शिवी देत होते की माफ करत होते, मला सांगता येणार नाही. मी सगळा जीव कानात आणून ऐकलं. मला एकही शब्द समजला नाही.

मी टेबलावरची पाटी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हाताच्या पाठीने बाजूला सारली. पुन्हा बोलले, तेच, पण सावकाश, एकेक आवाज सुटा करून. माझ्या डोळ्यांत बघत.

मी प्रयागबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"मामी, काय म्हनून राह्यले?"

"मले नको इचारू," त्या म्हणाल्या. "तुले म्हनून राह्यले थे."

मास्तर थांबले. मला उत्तर द्यायला जितका वेळ लागेल, तितका वेळ ते माझ्याकडे बघत गप्प बसून राहिले. स्पीकरमधून बेळगावचा बारीक आवाज येत होता, मग तोही बंद झाला. मला म्हणायचं होतं, मास्तर, मला नाही समजलं, पुन्हा सांगा, दहा वेळा सांगा. ते एवढं वाक्य मला म्हणता आलं नाही. त्यांना तिसऱ्यांदा तोंड उघडायला लावायची माझी छाती झाली नाही.

मी मान हलवली.

"हो मास्तर," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला काही समजलं नाही, हे त्यांना समजलं होतं. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने हनुवटी पुसली, खुर्ची टेबलाकडे वळवली आणि रेडिओचा आवाज वाढवला.